रक्ताची प्रदक्षिणा

प्रौढ माणूस स्वस्थ बसलेला असतांना त्याचें हृदय मिनिटास सुमारे ७२ ठोके देतें, आणि प्रत्येक ठोक्यास सुमारे ७० मिलिलिटर, म्हणजे चहाचा लहान पेला जेमतेम भरेल इतकें, रक्त पुढें लोटतें. हे दोन आंकडे प्रथमदर्शनीं अगदीं किरकोळ वाटतात. परंतु त्यांचा गुणाकार करून पाहावा. मिनिटाला पांच लिटर, तासाला तीनशें लिटर, आणि एका अहोरात्रांत सात हजार लिटरांहून अधिक! इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या हजार हजार लिटरांच्या टांक्या असतात. तशा सात टांक्या भरतील इतकें रक्त, मुठीएवढा आणि सुमारे तीनशें ग्रॅम वजनाचा एक पोकळ स्नायु रोज ढकलीत असतो. आतां प्रश्न असा कीं, एवढें रक्त येतें कोठून आणि जातें कोठें? कारण सबंध शरीरांतील रक्त मोजलें, तर तें पांच लिटरांच्या आसपासच भरतें.

आजच्या शाळकरी मुलाला याचें उत्तर ठाऊक असतें: तेंच रक्त पुन्हां पुन्हां फिरतें. परंतु एवढें छोटें उत्तर इ. स. १६२८ पर्यंत कोणालाहि सिद्ध करून दाखवितां आलें नव्हतें. छातींतील धडधड तर प्रत्येकास जाणवत होती. मनगटावरील नाडी वैद्य शतकानुशतकें पाहात होते. कापलेल्या जनावरांचीं हृदयें खाटकाच्या दुकानीं कोणासहि दिसत होतीं. पाहण्याजोगें सर्व कांहीं समोर असूनहि तें दिसलें नाहीं, याचें कारण काय. आणि अखेर दिसलें तें कोणास व कोणत्या रीतीनें, हें समजून घेतलें म्हणजे हृदयाची रचनाहि सहज उलगडत जाते.

शरीरांत रक्ताच्या वाहिन्या दोन प्रकारच्या दिसतात. ज्या जाड भिंतीच्या असून ठोक्याबरोबर उडतात त्या रोहिणी. आणि ज्या पातळ भिंतीच्या असून त्वचेखालीं निळसर दिसतात त्या नीला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत होऊन गेलेला ग्रीक वैद्य गेलन याचें मत असें होतें कीं, खाल्लेल्या अन्नापासून यकृतांत रक्त तयार होतें, नीलांच्या वाटे तें अवयवांकडे जातें, आणि तेथेंच खर्ची पडतें. त्यांतील थोडें रक्त हृदयाच्या मधल्या पडद्याच्या अदृश्य छिद्रांतून उजवीकडून डावीकडे झिरपतें, आणि तेथें वायूशीं संयोग पावून रोहिणींतून शरीरांत पसरतें. थोडक्यांत म्हणजे, मोटेचें पाणी पाटानें वाफ्यांत जावें आणि तेथेंच मुरावें, तसा हा प्रकार. पाटाचें पाणी विहिरींत परत येत नाहीं. रक्तहि परत येत नाहीं, अशी समजूत.

गेलन हा कांहीं सामान्य बुद्धीचा पुरुष नव्हता. रोहिणींत वारा नसून रक्तच असतें, हें त्यानेंच प्रयोगानें दाखविलें होतें. परंतु त्याच्या मागून आलेल्यांनीं त्याचे प्रयोग पुढें चालविण्याऐवजीं त्याचे ग्रंथ पाठ केले, आणि सुमारे चौदाशें वर्षें युरोपांत व अरब देशांत त्याचा शब्द प्रमाण ठरला.

आपल्याकडेहि एक गोष्ट पुष्कळदां सांगण्यांत येते, तिचा येथें उल्लेख केला पाहिजे. बृहदारण्यक उपनिषदांत ‘हृदय’ या शब्दाचीं तीन अक्षरें वेगळीं करून तीं आणणें, देणें आणि जाणें या अर्थांशीं जोडलेलीं आहेत. त्यांत रुधिराभिसरणाचें ज्ञान होतें, असें कोणी कोणी आवेशानें प्रतिपादितात. फोड मोठी सुंदर आहे, यांत शंका नाहीं. परंतु तेथील विषय उपासनेचा आहे, रक्ताचा नव्हे. पूर्वजांनीं जें सांगितलें नाहीं तें त्यांच्या तोंडीं घातल्यानें त्यांचा गौरव वाढत नाहीं.

गेलनच्या मताला तडे मात्र हळूहळू पडूं लागले होते. तेराव्या शतकांत कैरो येथें वैद्यकी करणाऱ्या इब्न अल्-नफीस यानें स्वच्छ लिहून ठेवलें कीं, हृदयाचा मधला पडदा घट्ट असून त्यांत छिद्रें नाहींत; उजवीकडील रक्त डावीकडे जातें तें फुप्फुसांतून फिरून जातें. हें त्याचें लिखाण पुढें विस्मृतींत गेलें, आणि १९२४ सालीं बर्लिन येथील एका हस्तलिखितांत तें पुन्हां विद्वानांच्या दृष्टीस पडलें. सोळाव्या शतकांत व्हेसेलियसनें पडद्यांतील छिद्रांविषयीं शंका प्रदर्शित केली. मायकेल सर्व्हिटस यानें फुप्फुसांतील मार्ग आपल्या एका धर्मविषयक ग्रंथांत वर्णिला. पण त्याच्या धर्ममतांस्तव त्याला १५५३ सालीं जिनिव्हा येथें जिवंत जाळण्यांत आलें. १५५९ सालीं पादुआच्या परंपरेंतील कोलंबो यानेंहि हाच मार्ग सांगितला. अशा रीतीनें हृदयापासून फुप्फुसापर्यंतचा आणि तेथून परत हृदयापर्यंतचा लहान फेरा कांहींजणांना दिसला होता. उरलेल्या सर्व शरीराचा मोठा फेरा मात्र कोणीच ओळखला नव्हता.

तो ओळखणारा विल्यम हार्वे हा १५७८ सालीं इंग्लंडांत फोकस्टन येथें जन्मला. केंब्रिजमध्यें शिक्षण झाल्यावर तो इटलींतील पादुआच्या विद्यापीठांत गेला व १६०२ सालीं तेथील वैद्यकाची पदवी त्यानें मिळविली. त्याच काळांत त्या विद्यापीठांत गॅलिलिओ गणित शिकवीत होता. सृष्टीचें कोडें सोडवावयाचें तर तें मोजलें पाहिजे, ही वृत्ति त्या काळाच्या हवेंतच होती म्हणाना! हार्वेचा गुरु फॅब्रिशियस यानें नीलांच्या आंत लहान लहान झडपा असतात, हें बारकाईनें दाखविलें होतें. पण त्या कशासाठीं आहेत, याचें त्याचें अनुमान चुकलें. रक्त हातापायांकडे एकदम धांवून सांचूं नये म्हणून तिला अडविणारे ते बांध होत, असें त्यास वाटलें. गुरूनें झडप पाहिली. ती कोणत्या दिशेला उघडते याचा अर्थ शिष्यानें पाहिला.

लंडनला परतल्यावर हार्वे सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयांत वैद्य झाला, आणि पुढें राजवैद्यहि झाला. मेंढ्या, कुत्रे, बेडूक, मासे, साप अशा नाना प्राण्यांचीं हृदयें त्यानें वर्षानुवर्षें तपासलीं. परंतु त्याच्या हातचें सर्वांत प्रभावी शस्त्र म्हणजे साधा गुणाकार. प्रत्येक ठोक्यास हृदयांतून फक्त अर्धा औंस रक्त बाहेर पडतें, असें त्यानें मुद्दाम कमी धरलें. अर्ध्या तासांत हजार ठोके पडतात, हेंहि त्यानें कमीच धरलें. तरीसुद्धां अर्ध्या तासाचा हिशेब पांचशें औंसांचा, म्हणजे पंधरा किलोच्या घरांत गेला! मनुष्य कितीहि खादाड असला, तरी अर्ध्या तासांत त्याच्या अन्नापासून इतकें रक्त निर्माण होणें शक्य नाहीं. आणि निर्माण झालें तरी तें मुरायला शरीरांत जागा नाहीं. तेव्हां एकच मार्ग उरतो. गेलेलें रक्तच परत येत असलें पाहिजे. पाट आणि वाफ्याची उपमा येथें कोसळते, आणि तिच्या जागीं देवळाभोंवतींची प्रदक्षिणा उभी राहते: जेथून निघावें तेथेंच यावें, आणि पुन्हां निघावें.

नुसत्या हिशेबावर हार्वे थांबला नाहीं. त्यानें दंडाला पट्टी बांधून पाहिली. पट्टी फार आवळली तर मनगटाची नाडी बंद पडते आणि हात थंड पडत जातो. कारण खोलवर असलेली रोहिणीच दाबली जाते. तीच पट्टी किंचित् सैल केली तर नाडी परत लागते, पण पट्टीच्या खालच्या बाजूस नीला टरारून फुगतात. म्हणजे रक्त रोहिणींतून हातांत आलें, परंतु वरवर असलेल्या नीला अजून दाबलेल्या असल्यानें त्यास परतीची वाट मिळेना. येण्याची वाट एक, जाण्याची दुसरी, हें यावरून उघड झालें.

झडपांचा प्रयोग तर ज्याच्या हातावरील नीला ठळक दिसतात अशा कोणासहि घरीं बसून करतां येतो. हात खालीं सोडावा, म्हणजे नीला वर येतात व मधून मधून त्यांवर गांठीसारखे उंचवटे दिसतात. त्या गांठीं म्हणजेच झडपा. मनगटाच्या बाजूस नीलेवर एक बोट दाबून धरावें, आणि दुसऱ्या बोटानें त्यांतील रक्त कोपराकडे पुढच्या गांठीपलीकडे सारावें. आतां वरचें बोट उचललें तरी नीलेचा तो तुकडा रिकामाच राहतो. वरचें रक्त गांठ ओलांडून खालीं येत नाहीं. मात्र खालचें बोट उचलतांच तो क्षणांत भरतो. नीलेंतील रक्त हृदयाच्या दिशेनेंच जाऊं शकतें, उलट नाहीं, हें यापेक्षां सोप्या रीतीनें कोण सांगणार?

हे सर्व विवेचन असलेला हार्वेचा लॅटिन ग्रंथ १६२८ सालीं फ्रँकफूर्ट येथें छापला गेला. तो अवघा ७२ पानांचा होता. नव्या मताचें स्वागत व्हावें तसें झालें नाहीं. त्याला ओळखणाऱ्या ऑब्री या चरित्रकारानें लिहून ठेवलें आहे कीं, ग्रंथ निघाल्यावर हार्वेचा वैद्यकीचा व्यवसाय बराच बसला आणि सामान्य लोक त्यास चक्रम समजूं लागले. पॅरिसचा विद्वान शरीरशास्त्रज्ञ रिओलां यानें विरोध केला; त्यास हार्वेनें १६४९ सालीं उत्तर दिलें. विरोधकांच्या हातीं एक खरा मुद्दाहि होता. रोहिणींतून गेलेलें रक्त नीलांत शिरतें कसें? दोहोंना जोडणारी वाट कोणीं पाहिली आहे? हार्वेनें ती पाहिली नव्हती. ती असलीच पाहिजे, एवढेंच तो तर्कानें सांगूं शकत होता. १६५७ सालीं तो वारला, तेव्हांहि ती वाट अदृश्यच होती.

त्यानंतर अवघ्या चार वर्षांनीं, १६६१ सालीं, इटलींतील मार्सेलो मालपीगी यानें बेडकाचें फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखालीं ठेवलें, आणि रोहिणीच्या टोंकापासून नीलेच्या मुळापर्यंत पसरलेलें केसाहून बारीक वाहिन्यांचें जाळें त्यास दिसलें. त्याच या केशवाहिन्या. विशेष असें कीं, ज्या १६२८ सालीं हार्वेचा ग्रंथ छापला गेला, त्याच सालीं मालपीगीचा जन्म झाला होता. ग्रंथांतील रिकामी जागा भरणारा मनुष्य ग्रंथाबरोबरच जगांत आला!

आतां ही प्रदक्षिणा एकवार क्रमानें पाहूं. हृदयाला चार कप्पे आहेत. वरचे दोन त्या कर्णिका आणि खालचे दोन त्या जवनिका. उजव्या व डाव्या बाजूंमध्यें अभेद्य पडदा आहे, म्हणून हृदय हें वस्तुतः पाठीला पाठ लावून बसविलेले दोन पंपच होत. सर्व शरीरांतून आलेलें, प्राणवायु बराचसा देऊन बसलेलें काळसर रक्त दोन महानीलांच्या वाटे उजव्या कर्णिकेंत उतरतें. तेथून तें उजव्या जवनिकेंत येतें, आणि ती जवनिका त्यास फुप्फुसांत धाडते. फुप्फुसांत तें कर्बवायु टाकतें, प्राणवायु घेतें, आणि लालभडक होऊन डाव्या कर्णिकेंत परततें. मग डावी जवनिका त्यास महारोहिणींत लोटते, आणि तेथून तें मस्तकापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सर्वत्र जातें. उजव्या जवनिकेला शेजारच्या फुप्फुसांपर्यंतच रक्त पोंचवावयाचें असतें. डावीला सर्व शरीर गांठावयाचें असतें. म्हणून डाव्या जवनिकेची भिंत उजवीच्या सुमारे तिप्पट जाड असते. विश्रांतीच्या स्थितींत सर्व रक्ताची अशी एक प्रदक्षिणा सुमारे एका मिनिटांत पुरी होते.

या मार्गावर चार झडपा पहाऱ्यास असतात. त्या रक्तास पुढें जाऊं देतात, मागें येऊं देत नाहींत. छातीला कान लावला असतां जे दोन आवाज ऐकूं येतात, ते मुख्यतः या झडपा मिटण्याचे आवाज. पहिला, कर्णिका व जवनिका यांच्यामधील झडपा मिटतात तेव्हांचा. दुसरा, जवनिकेंतून बाहेर पडणाऱ्या दोन वाहिन्यांच्या तोंडाशीं असलेल्या अर्धचंद्राकृति झडपा मिटतात तेव्हांचा. १८१६ सालीं फ्रेंच डॉक्टर लॅनेक यानें कागदाची गुंडाळी छातीवर ठेवून हे आवाज अधिक स्पष्ट ऐकले, आणि त्यांतूनच आजची छाती तपासण्याची नळी जन्मास आली. ठोक्याची आज्ञा मात्र मेंदूंतून येत नाहीं. उजव्या कर्णिकेच्या भिंतींत विशिष्ट पेशींचा एक लहानसा पुंज आहे. १९०७ सालीं कीथ आणि फ्लॅक यांनीं तो शोधून काढला. ताल तो धरतो. मज्जातंतु फक्त तो द्रुत किंवा विलंबित करतात.

पायांतील रक्त वर चढतें कसें, हाहि प्रश्न विचारण्यासारखा आहे. केशवाहिन्यांतून बाहेर पडेपर्यंत हृदयाचा जोर बहुतेक संपलेला असतो. तेथें पोटऱ्यांचे स्नायु मदतीस धांवतात. चालतांना ते आवळतात, मधल्या नीला पिळतात, आणि झडपांमुळें रक्त वरच्याच दिशेनें सरकतें. म्हणून तासन्‌तास एका जागीं उभ्या राहणाऱ्याचे पाय जड होतात आणि चार पावलें चालतांच हलके वाटतात. चालणें हें पायांचें काम खरें, पण त्यानें हृदयाची चाकरी होते.

ज्या हृदयांतून रोज सात हजार लिटर रक्त जातें, तें स्वतः मात्र त्या रक्तांतून परस्पर पोषण घेऊं शकत नाहीं, ही मोठी चमत्कारिक गोष्ट आहे. त्याची भिंत जाड असल्यानें तिला स्वतंत्र वाहिन्या लागतात. महारोहिणीच्या अगदीं आरंभींच दोन हृदयरोहिणी फुटतात आणि हृदयालाच वेढून राहतात. डावी जवनिका आवळलेली असतांना तिच्या भिंतींतील वाहिन्या दाबल्या जातात. तिला रक्त मिळतें तें मुख्यतः ती सैल पडते तेव्हां. एका ठोक्याच्या सुमारे आठ-दशांश सेकंदांपैकीं तीन-दशांश सेकंद जवनिकेचें काम चालतें आणि पांच-दशांश सेकंद विसांवा असतो. हृदय विश्रांति घेत नाहीं हें म्हणणें म्हणूनच बरोबर नव्हे. तें ठोक्याठोक्याला विश्रांति घेतें आणि त्याच वेळीं जेवतें.

या दोन बारीक वाहिन्यांवर किती मोठा भार आहे, हें यावरून ध्यानीं येईल. त्यांच्या भिंतींत मेदाचे थर सांचून त्या अरुंद होतात. आणि एखादे वेळीं थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरली, कीं पलीकडील स्नायूचें पोषण एकाएकीं थांबतें. हाच हृदयविकाराचा झटका. छातीच्या मध्यभागीं दडपण, कळ डाव्या हातांत किंवा जबड्यांत जाणें, घाम, धाप, हीं त्याचीं नेहमींचीं लक्षणें. स्त्रियांत व मधुमेह असलेल्यांत तीं इतकीं ठळक नसण्याचाहि संभव असतो. अशा वेळीं ‘वात धरला असेल’, ‘रात्रीचें जेवण बाधलें असेल’ असें म्हणून ओवा आणि सोडा देत घरांत जी घटकाभर गमावली जाते, तिची किंमत स्नायु मरण्यानें द्यावी लागते. बंद झालेली वाहिनी आज औषधानें किंवा नळी घालून उघडतां येते. पण रुग्ण वेळेवर पोंचला तरच.

तसाच विचार रक्तदाबाचा. १७३३ सालीं स्टीफन हेल्स या इंग्रज धर्मोपदेशकानें आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यानें घोडीच्या रोहिणीस कांचेची उभी नळी जोडली, तों रक्त आठ फुटांहून अधिक उंच चढलें. रिव्हा-रोची याचा दंडाचा पट्टा १८९६ सालीं आला, कोरोटकॉव्ह यानें नळीनें आवाज ऐकण्याची रीत १९०५ सालीं सांगितली, आणि जें मोजण्यासाठीं घोडी बांधावी लागली तें घरच्या खुर्चींत बसून दोन मिनिटांत होऊं लागलें. सर्वसाधारणपणें १२० आणि ८० हे प्रौढ माणसाचे निरोगी आंकडे होत. वाढलेला दाब पुष्कळदां कांहींच दुखवीत नाहीं. तो वर्षानुवर्षें मुकाट्यानें वाहिन्या, मूत्रपिंडें आणि मेंदू यांस इजा करीत राहतो. त्याला बोलतें करण्याचा उपाय एकच: मोजणें.

आणि ही प्रदक्षिणा अकस्मात् पूर्णच थांबली तर? मेंदू प्राणवायूवांचून थोडींच मिनिटें तग धरतो. १९६० सालीं अमेरिकेंत कूवेनहोवेन, ज्यूड व निकरबॉकर यांनीं दाखवून दिलें कीं, छाती न उघडतां बाहेरून दाब दिला तरी हृदयांतील रक्त पुढें सरकतें. झडपा असतातच; दाबाचें काम तेवढें हातांनीं करावयाचें. माणूस बेशुद्ध पडला व त्याचा श्वास नीट चालत नसला, तर महाराष्ट्रांत १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि तिची वाट पाहात बसूं नये. प्रौढ रुग्णाच्या छातीच्या मधल्या हाडावर दोन्ही तळहात ठेवून पांच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटास १०० ते १२० वेळां, दाब देत राहावें. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊं द्यावी, म्हणजे हृदय पुन्हां भरेल. ही रीत घरांतील एकदोघांनीं तरी जाणत्या माणसाकडून शिकून ठेवावी.

हार्वेला एका कागदावरील हिशेबानें आणि दंडावरील एका पट्टीनें जें कळलें, त्याचाच हा व्यवहार आहे. रक्त मुरत नाहीं, परत येतें. म्हणून त्याची वाट मोकळी ठेवणें, त्याचा दाब मोजणें आणि तें थांबलें तर हातांनीं चालूं ठेवणें या तीन गोष्टींना अर्थ आहे. चौदाशें वर्षें विद्वानांनीं ग्रंथ उघडले. त्यानें मनगटावर बोट ठेवलें आणि मोजलें. तें मनगट आणि तें बोट प्रत्येकापाशीं आहे.